बरगडीचं फ्रॅक्चर : सहा आठवडे उलटले, तरी अजून दुखतंय?

गेल्या पावसाळ्यात पन्नाशी ओलांडलेले एक शिक्षक माझ्याकडे आले. पाणी साचलेल्या खड्ड्यात स्कूटर आडवी झाली आणि हँडलचं टोक छातीच्या डाव्या बाजूला लागलं. एक्स-रेमध्ये सहावी आणि सातवी बरगडी मोडलेली दिसली. अस्थिरोगतज्ज्ञांनी गोळ्या दिल्या आणि "सहा आठवड्यांत हाड जुळेल" असं सांगितलं. सरांनी घरच्या कॅलेंडरवर त्या तारखेला लाल खूण केली.

ती तारीख गेली आणि सातवा आठवडा सुरू झाला. तरी कूस बदलताना कळ येत होती, खोल श्वास घेतला की टोचत होतं, कधी कधी आत काहीतरी 'कट' झाल्यासारखं वाटत होतं. त्यातून दुखणं डाव्या बाजूचं, म्हणून हृदयाची शंका. रात्री दोन-दोन वाजेपर्यंत ते मोबाइलवर शोधत बसायचे. त्यांच्या पत्नी म्हणाल्या, "डॉक्टर, हे झोपत नाहीत आणि मलाही झोपू देत नाहीत. काही राहून गेलंय का, तेवढं एकदा बघा."

ही शंका घेऊन येणारे ते पहिले नव्हते. बहुतेकांचं काहीही राहून गेलेलं नसतं. पण थोड्या जणांचं खरंच राहून गेलेलं असतं. हे दोन्ही वेगळं कसं ओळखायचं, यासाठी हा लेख.

हात मोडला तर प्लास्टर, बरगडीला काय?

आपल्या छातीत दोन्ही बाजूंना बारा-बारा बरगड्या असतात. मागे त्या मणक्याला जोडलेल्या असतात. पुढे वरच्या सात जोड्या कूर्चेच्या, म्हणजे कानाच्या वरच्या भागाला हाताला लागतं तशा लवचीक मऊ हाडाच्या, दुव्याने छातीच्या मधल्या हाडाला जुळतात. आठवी, नववी आणि दहावी आपापल्या वरच्या बरगडीच्या कूर्चेला जोडलेली असते, आणि शेवटच्या दोन पुढून मोकळ्याच असतात. साधारण चौथी ते दहावी या मधल्या बरगड्या सर्वांत जास्त मोडतात.

हाताचं हाड मोडलं तर आपण ते प्लास्टरमध्ये घालून हलू देत नाही. छातीचं तसं करता येत नाही. आपण मिनिटाला बारा ते वीस वेळा श्वास घेतो, म्हणजे दिवसाला वीस हजारांच्या आसपास. प्रत्येक श्वासाला मोडलेली जागा थोडी हलते. शिवाय खोकला, शिंक, हसू, जांभई, पाटावरून उठणं, शौचाला जोर करणं, सगळ्याचा ताण तिथेच येतो. तरीही बरगडी जुळते, कारण तिला रक्तपुरवठा चांगला असतो आणि आजूबाजूचे स्नायू तिला बऱ्यापैकी जागेवर धरून ठेवतात.

दुसरी गोष्ट पेशंटला सहसा कुणी सांगत नाही. हाड जुळणं आणि दुखणं थांबणं या एकाच दिवशी घडणाऱ्या गोष्टी नाहीत. मार लागतो तेव्हा हाडाबरोबर दोन बरगड्यांमधले स्नायू ताणले किंवा फाटलेले असतात, बरगडीच्या खालच्या कडेने जाणारी नस चेचलेली असते, आतलं आवरण दुखावलेलं असतं. पुढच्या कूर्चेला मार लागला असेल तर तो साध्या एक्स-रेत दिसतही नाही, आणि कूर्चा हाडापेक्षा सावकाश बरी होते. "एक्स-रे नॉर्मल आहे, नुसता मुका मार आहे" असं ऐकून गेलेले लोक फ्रॅक्चरवाल्यांइतकेच दिवस कण्हतात, ते यामुळेच. शिवाय साध्या एक्स-रेत बरगडीची बरीच फ्रॅक्चर्स सुटतात, विशेषतः हाड सरकलेलं नसेल तर. त्यावरून डॉक्टरांशी भांडू नका. एक-दोन बरगड्या असतील आणि फुप्फुस ठीक असेल, तर फ्रॅक्चर दिसलं काय किंवा नाही दिसलं काय, उपचार तोच असतो.

नेमके किती दिवस?

सात-आठ वर्षांपूर्वी मी स्वतः ओल्या फरशीवरून घसरून बेसिनच्या कडेवर आपटले होते. एकच बरगडी, तीही नुसती तडकलेली. पुस्तकात वाचलेलं सगळं माहीत होतं, तरी तिसऱ्या दिवशी शिंक आली तेव्हा डोळ्यांपुढे काजवे चमकले. तेव्हापासून पेशंटला "थोडं दुखेल" असं म्हणणं मी बंद केलं.

पहिल्या दिवसापेक्षा दुसऱ्या ते पाचव्या दिवशी जास्त दुखतं. हे आधी माहीत नसेल तर माणूस घाबरतो. दोन-तीन आठवड्यांत मोडलेल्या जागेभोवती नव्या हाडाचा मऊ सांधा तयार होऊ लागतो, आणि बसल्या जागी, शांत श्वास घेताना दुखणं बरंच कमी होतं. सहा आठवड्यांच्या आसपास बहुतेकांची बरगडी बऱ्यापैकी जुळलेली असते. पण ओझं उचलताना, कुशीवर वळताना, जोरात खोकताना लागणारी चमक तीन महिन्यांपर्यंत राहणं अगदी सर्रास आहे. वय जास्त असेल, तीन-चार बरगड्या मोडल्या असतील, मधुमेह असेल किंवा तंबाखू, विडी-सिगारेट चालू असेल तर त्याहूनही जास्त. सरांना मी म्हटलं, कॅलेंडरवरची ती लाल खूण पुसून टाका. तारखेपेक्षा दिशा बघा : चार आठवड्यांपूर्वीपेक्षा आज कमी दुखतंय का? त्यांनी विचार करून सांगितलं की तेव्हा ते खुर्चीत बसून झोपत होते, आता गादीवर आडवे होतात. मग गाडी योग्य रस्त्यावर आहे.

मध्येच एखादा दिवस वाईट जातो. जास्त काम झालं, एस.टी.चा लांबचा प्रवास झाला, सर्दी होऊन खोकला लागला की पुन्हा दोन-चार दिवस ठणकतं. याचा अर्थ हाड पुन्हा मोडलं असा नसतो.

पट्टा बांधू नका

आमच्याकडे अजूनही लोक हाडवैद्याकडून छातीला घट्ट पट्टा बांधून येतात, नाहीतर औषधाच्या दुकानातून रुंद पट्टा विकत घेतात. पूर्वी डॉक्टरही बांधायचे. बांधलं की बरं वाटतं हे खरं, कारण छाती हलत नाही. पण छाती हलली नाही तर फुप्फुसाचा खालचा भाग फुगत नाही, तिथे कफ साचतो आणि न्यूमोनिया होतो. बरगडीच्या दुखण्याने माणूस सहसा दगावत नाही, पण म्हाताऱ्या माणसाला त्यामागून आलेला न्यूमोनिया जिवावर बेतू शकतो. अंगणात पडलेल्या एका आजींना घरच्यांनी प्रेमापोटी आठ दिवस करकचून बांधून, हलू न देता झोपवून ठेवलं होतं. माझ्याकडे आणलं तेव्हा ताप होता, धाप लागत होती आणि ऑक्सिजन ८६ वर आला होता. अकरा दिवस रुग्णालयात काढून त्या घरी आल्या. त्यांच्या सुनेने नंतर मला विचारलं, "आम्ही सेवाच केली ना हो?" सेवाच केली होती. त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं.

म्हणून पहिल्या काही आठवड्यांतलं खरं औषध म्हणजे खोल श्वास. जागेपणी दर तासाला आठ-दहा सावकाश, खोल श्वास घ्यायचे. तीन रंगीत चेंडूंचं स्पिरोमीटर औषधाच्या दुकानात मिळतं, ते वापरलं तर उत्तम. त्यात फुंकायचं नसतं, आत ओढायचं असतं. निम्मे लोक उलटं करतात. खोकला आला तर दाबू नका. उशी किंवा घडी केलेली चादर दुखऱ्या जागेवर दोन्ही हातांनी घट्ट धरा आणि मग खोका. झोपायला सुरुवातीला पाठीमागे दोन-तीन उशा किंवा आरामखुर्ची बरी पडते. आणि घरातल्या घरात फिरत राहा.

हे सगळं जमायला दुखणं आटोक्यात हवं. म्हणून वेदनाशामक गोळी हा लाडावणारा प्रकार नाही, तो न्यूमोनिया टाळण्याचा उपाय आहे. "सहन होतंय, गोळी कशाला" असं म्हणत उथळ श्वास घेत पडून राहणं चांगलं नाही. बहुतेकांना ठरावीक वेळेला घेतलेलं पॅरासिटामॉल हा पाया पुरतो. मोठ्या माणसाने दिवसाला सगळं मिळून ४ ग्रॅमच्या वर जाऊ नये. वजन कमी असेल, यकृताचा आजार असेल किंवा रोज दारू घेत असाल तर मर्यादा याहून कमी असते, ती डॉक्टरांकडून ठरवून घ्या. सर्दीच्या गोळ्यांतही पॅरासिटामॉल असतं, ते मोजणीत धरायला विसरू नका. डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन, एसिक्लोफेनॅक या गोळ्या जास्त ठणक कमी करतात, पण मूत्रपिंड, जठर, रक्तदाब यांचा त्रास असणाऱ्यांनी आणि रक्त पातळ होण्याची औषधं घेणाऱ्यांनी त्या मनाने घेऊ नयेत. ट्रामाडॉलसारखी जड गोळी दिली असेल तर बद्धकोष्ठता होते, आणि मोडक्या बरगडीने कुंथणं काय असतं ते ज्याचं त्यालाच कळतं. तेव्हा पाणी, भाज्या आणि गरज पडली तर इसबगोल पहिल्या दिवसापासून.

मागे रेंगाळणारी लक्षणं

सरांच्या तक्रारी एकेक करून बघू, कारण तुमच्याही साधारण याच असतील.

हात लावल्यावर एक टणक उंचवटा लागतो आणि लोकांना गाठ वाटते. मोडलेल्या जागी निसर्ग गरजेपेक्षा जास्त हाड घालतो, तोच हा उंचवटा. पुढच्या काही महिन्यांत तो झिजत जातो, थोडासा कायमचाही राहतो. फ्रॅक्चर नेमकं तिथेच झालं असेल आणि उंचवटा वाढत नसेल तर काळजी नको.

'कट' असा आवाज पहिल्या काही आठवड्यांत हाडाची टोकं एकमेकांवर घासल्याने येतो आणि हाड धरू लागलं की थांबतो. तीन-चार महिन्यांनंतरही येत असेल आणि दर वेळी दुखत असेल तर दोन शक्यता : एक, बरगडी जुळलेलीच नाही. दुसरी, आठवी ते दहावीपैकी एखादीचं पुढचं टोक सुटून वरच्या बरगडीवर सरकतंय. दोन्ही गोष्टी कमी आढळतात, पण दोन्हींवर उपचार आहेत, म्हणून तेव्हा तज्ज्ञांना दाखवून सीटी स्कॅनबद्दल विचारा. सरकणारी बरगडी मात्र स्कॅनमध्येही लपते. ती तपासणाऱ्याच्या बोटांना कळते.

जळजळ, मुंग्या, वीज चमकल्यासारखी कळ किंवा पाठीपासून पोटापर्यंत पट्ट्यासारखी बधिरता : हे दुखणं नसेचं. अंगावरचा सदरा घासला तरी सहन होत नाही असं लोक सांगतात. अशा दुखण्याला पॅरासिटामॉल दाद देत नाही, आणि मग पेशंटला वाटतं आपला आजार गंभीर आहे. खरं तर नुसतं औषध बदलायला हवं असतं. नसेच्या दुखण्याच्या गोळ्या, औषधी पट्ट्या, क्वचित नसेजवळ दिलेलं इंजेक्शन यांनी फरक पडतो. इथे एक आडवाट : एकाच बाजूला पट्ट्यासारखी आग आणि दोन-चार दिवसांत बारीक फोड आले, तर ती बरगडी नाही, नागीण आहे. नागिणीचं औषध पहिल्या तीन दिवसांत सुरू झालं तर जास्त उपयोगी पडतं, म्हणून सदरा काढून कातडी बघा.

आणि दम. दोन महिने उथळ श्वास घेण्याची सवय लागलेली, चालणं बंद, त्यामुळे जिना चढताना दम लागतो. तो रोज थोडं थोडं चालून हळूहळू कमी व्हायला हवा. वाढत असेल तर मात्र थांबू नका.

डावी बाजू आणि हृदय

बरगडीचं दुखणं साधारण बोट ठेवून दाखवता येतं. दाबलं की वाढतं, वळलं, खोकलं, श्वास घेतला की वाढतं. हृदयाचं दुखणं बहुधा मुठीने दाखवलं जातं : दाब, जडपणा, आवळल्यासारखं, चालताना येणारं आणि थांबल्यावर ओसरणारं, कधी जबड्यात किंवा हातात जाणारं, घाम आणि मळमळ घेऊन येणारं. पण मी पेशंटला नेहमी सांगते की हा नियम घरी बसून वापरायचा नाही. मोडक्या बरगडीच्या माणसालाही हार्ट अॅटॅक येतो, आणि मधुमेह असेल तर तो वेषांतर करून येतो. नेहमीपेक्षा वेगळं दुखणं आलं तर ईसीजी काढा. सरांचा मी त्याच दिवशी काढला. नॉर्मल आला. माझी खात्री आधीच होती, पण त्यांची व्हायला हवी होती.

या लक्षणांना मात्र थांबायचं नाही

पहिल्या दोन आठवड्यांत एक धोका असतो : पहिला एक्स-रे चांगला असूनही नंतर फुप्फुसाभोवती रक्त किंवा हवा साचू शकते. अचानक दम लागणं, बोलताना वाक्य पुरं न होणं, दुखणं कमी होत आलेलं असताना एकदम वाढणं, ही त्याची लक्षणं. रक्त पातळ होण्याची औषधं चालू असतील तर अधिकच सावध राहा.

ताप, थंडी, पिवळा-हिरवा किंवा रक्ताळ बेडका, म्हाताऱ्या माणसात नुसती गुंगी किंवा बडबड : न्यूमोनिया समजून त्याच दिवशी दाखवा. घरी ऑक्सिमीटर असेल आणि आकडा ९४ च्या खाली राहत असेल तरीही. आधीपासून दम्याचा किंवा फुप्फुसाचा जुना आजार असेल, तर नेहमीचा आकडा किती हे माहीत करून घ्या.

एका पायाची पोटरी सुजून दुखत असेल आणि दम लागत असेल, तर रक्ताची गुठळी फुप्फुसात गेल्याची शंका घ्यावी लागते.

खालच्या बरगड्यांचं वेगळंच. डावीकडे त्यांच्या आड प्लीहा असते, उजवीकडे यकृत, मागच्या बाजूला मूत्रपिंडं. पोट फुगणं, पोटात वाढतं दुखणं, चक्कर, घाम, डाव्या खांद्याच्या टोकाला खांद्याला काही लागलेलं नसताना दुखणं, लघवीला लाल रंग. प्लीहेतला रक्तस्राव मार लागल्यावर काही दिवसांनीही उघड होतो. अशा वेळी दवाखान्याची वेळ बघत बसू नका. १०८ ला फोन करा किंवा सर्जन असलेल्या मोठ्या रुग्णालयात थेट जा.

मुळात मोडली कशाने?

हा प्रश्न मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो, आणि तो विचारायचाच राहून जातो. स्कूटरवरून पडून बरगडी मोडली तर त्यात नवल नाही. पण पाण्याची बादली उचलताना, कुशीवर वळताना, नातवाने मिठी मारली म्हणून मोडली, तर हाडच कमजोर आहे.

पासष्टीचे एक गृहस्थ "बादली उचलली आणि कट झालं" म्हणून आले होते. बरगडी मोडलेली होती. मी गोळ्या लिहून दिल्या, नेहमीचं सगळं सांगितलं. दोन महिन्यांनी ते पुन्हा आले : बरगडी बरी, पण आता पाठ दुखते, थकवा येतो. तेव्हा रक्त तपासलं. हिमोग्लोबिन ८, क्रिएटिनिन वाढलेलं. पुढच्या तपासण्यांत मल्टिपल मायलोमा, म्हणजे अस्थिमज्जेतल्या पेशींचा कर्करोग निघाला. उपचार सुरू झाले आणि ते आज हिंडते-फिरते आहेत. पण पहिल्या भेटीतच "इतक्याशा कारणाने कशी मोडली?" असं मी स्वतःला विचारायला हवं होतं. ते दोन महिने माझ्या हिशेबात जमा आहेत.

म्हणून किरकोळ कारणाने बरगडी मोडली असेल, रात्री झोपेतून उठवणारं आणि श्वासाशी-हालचालीशी संबंध नसलेलं दुखणं असेल, वजन कमी होत असेल, पूर्वी स्तन, फुप्फुस, प्रोस्टेट, मूत्रपिंड किंवा थायरॉइडचा कर्करोग होऊन गेला असेल, तर डॉक्टरांना ते आपणहून सांगा. फार दिवसांच्या खोकल्यानेही बरगडी मोडते. तिथे बरगडीपेक्षा खोकल्याचा शोध जास्त गरजेचा : दोन आठवड्यांच्या वर खोकला असेल तर थुंकीची क्षयरोगाची तपासणी हवीच. पाळी गेलेल्या बायका आणि बरीच वर्षं स्टेरॉइड घेणारे लोक यांनी हाडांच्या घनतेची डेक्सा तपासणी करून घ्यावी. या सगळ्यात बहुतेकांचं कारण हाडं ठिसूळ होणं एवढंच निघतं, आणि त्याला औषधं आहेत.

बाकीचे नेहमीचे प्रश्न

हाड जुळलं का हे बघायला पुन्हा एक्स-रे लागतो का? दुखणं कमी होत असेल तर नाही. हळद-दुधाने हाड जुळतं का? हळद-दूध घ्या, त्यातल्या दुधाचा उपयोग होतोच. डिंकाचे लाडू मधुमेह नसेल तर खा. नाचणी, तीळ, डाळी, अंडी हे रोजच्या जेवणात असू द्या. 'ड' जीवनसत्त्वाची ६०,००० युनिटची पुडी डॉक्टरांनी सांगितले तेवढेच आठवडे घ्यायची. वर्षभर दर आठवड्याला घेत राहिलेले लोक मी पाहिलेत, त्याने रक्तातलं कॅल्शियम घातक पातळीपर्यंत वाढू शकतं. मोडलेल्या जागेवर तेल लावून चोळू नका.

टेबलावर बसून करायचं काम एक-दोन आठवड्यांत सुरू करता येतं. भरलेला सिलिंडर, धान्याचं पोतं, हंडा हे दोन-तीन महिने दुसऱ्याला उचलू द्या. दुचाकी तेव्हाच, जेव्हा अचानक ब्रेक दाबून मागे वळून बघताना कळ येत नाही. कपालभाती आणि भस्त्रिका सहा आठवडे तरी नको, पण सावकाश दीर्घ श्वसन पहिल्या दिवसापासून करा. फुप्फुसाभोवती हवा साचली होती त्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय विमानप्रवास करू नये.

सरांना मी नसेच्या दुखण्याची एक गोळी रात्रीपुरती दिली, खांदा आणि पाठ मोकळी करण्याचे तीन व्यायाम दाखवले आणि चार आठवड्यांनी बोलावलं. ते आले तेव्हा शाळा सुरू झाली होती. फळ्याच्या वरच्या टोकाला लिहिताना अजून थोडं ओढल्यासारखं वाटतं, म्हणाले, म्हणून सध्या खालच्या अर्ध्या फळ्यावरच लिहितात.